एक्केचाळीस पॅक्स

कंपनी बंद पडून दोन वर्षं होत आली, तरी माझा मोबाईल सकाळी वाजतोच. "साहेब, इमान हाय काय आज?" मी म्हणतो, "अहो, आमची कंपनी गेली. आता दुसऱ्यांचं विमान आहे, त्यांना विचारा." पलीकडून उत्तर येतं, "तिथं मशीन बोलतंय. एक दाबा, दोन दाबा म्हणतंय. तुम्हीच बघून सांगा की." मग मी मोबाईलवर बघतो आणि सांगतो, आहे, वीस मिनिटं लेट आहे. बायको आतून ओरडते, "ह्याचा पगार कोण देतंय तुम्हाला?"

ही सवय लोकांना मीच लावली. विमानाच्या धंद्यात बावीस वर्षं काढली. त्यातली शेवटची पाच कोल्हापुरात, उजळाईवाडीच्या विमानतळावर. त्याआधी मुंबई, गोवा, हैदराबाद. तिकडचा प्रवासी तिकिटावर छापलेली वेळ खरी धरतो. आमच्या कोल्हापुरात छापलेल्या गोष्टीवर कुणाचा भरवसा नाही. इथं माणसाला विचारायचं असतं, आणि त्या माणसानं "मी सांगतो ना" म्हटलं की विषय संपला. चंदगडचे एक काजूवाले होते. महिन्यातनं दोनदा जायचे. कंपनीचा मेसेज त्यांच्या हातात असायचा आणि तरी मला फोन. "मेसेज आलाय खरं, पर तुम्ही एकदा म्हणा की." मी म्हणायचो. मग ते घरातनं निघायचे.

मला त्याचा अभिमान होता, खोटं कशाला बोलू? शिवाजी पेठेत माझं घर. रोज सकाळी निळा टाय बांधून स्कूटरवर निघालो की तालमीच्या कट्ट्यावरची पोरं आभाळाकडं बघून ओरडायची, "काका, तुमचं दिसंना कुठं!" चिडवायची, पण त्यांच्याच घरातलं कुणी हैदराबादला निघालं की रात्रीच दार वाजवायची.

बाहेरच्यांना वाटतं, विमानतळावरचा मॅनेजर म्हणजे गार हवेत बसून इंग्रजी बोलणारा माणूस. आमचं स्टेशन म्हणजे काउंटरवर चार जण, सामान चढवायला सहा, आणि दिवसातनं एकदा येणारं सत्तर सीटचं पंख्याचं विमान. ते हैदराबादहून सकाळी यायचं आणि अर्ध्या तासात माघारी जायचं. त्या अर्ध्या तासात आलेले उतरवायचे, जाणारे चढवायचे, पेट्या मोजायच्या, कोण कुठं बसलंय त्याप्रमाणं वजनाचा हिशोब करून कागद पायलटच्या हातात द्यायचा. त्या कागदाला लोड शीट म्हणतात. तो पायलटकडं गेला की दार बंद. त्यानंतर मंत्री आला तरी बाहेर. बावीस वर्षं मी हे लोकांना तोंडावर सांगत आलो आणि सांगताना मला मनातनं बरंही वाटायचं.

गमती विचाराल तर ढीग आहेत. हातातल्या पिशवीतनं मिरचीची पूड विमानात न्यायला बंदी आहे. आता कोल्हापुरातनं लेकीकडं निघालेली आई कांदा-लसूण चटणीशिवाय निघते होय? एका मावशींची बरणी तपासणीत अडवली तर त्यांनी कमरेवर हात ठेवून जवानाला विचारलं, "चटणीनं इमान पडतंय व्हय?" तो बिचारा बिहारचा. त्यानं माझ्याकडं बघितलं. मी बरणी ठेवून घेतली आणि दुसऱ्या दिवशी एका ओळखीच्या प्रवाशाच्या पेटीतनं पाठवून दिली. तेव्हापासून माझ्या टेबलाखाली चटणीच्या बरण्यांची रांग लागायला लागली. हैदराबादच्या ऑफिसातला माझा साहेब फोनवर विचारायचा, "कोल्हापूरच्या लगेजमधनं वास कसला येतो हो?"

एकदा पेठेतल्या फुटबॉल संघाचा बाहेरून बोलावलेला खेळाडू येणार होता. चाळीस-पन्नास पोरं हलगी आणि गुलाल घेऊन हजर. विमान धुक्यानं चार तास लेट झालं. पोरं चार तास हलगी वाजवत राहिली. खेळाडू उतरला तेव्हा वाजवणारेच इतके दमले होते की त्यानंच त्यांना पाणी दिलं.

या अंकासाठी संपादकांनी अशाच गमती मागितल्या होत्या. अजून पन्नास आहेत, लिहीन कधीतरी. पण लिहायला बसलो की मन एकाच दिवसाशी जाऊन थांबतं. तेवढं सांगितल्याशिवाय बाकीचं सुचायचं नाही.

विमान कंपनी आजारी पडली की ते पेपरात नंतर येतं, आम्हाला आधी कळतं. पहिल्यांदा सँडविच गेलं आणि बिस्किट आलं. मग बिस्किटही गेलं. मग पेट्यांना लावायच्या पट्ट्या वेळेवर येईनात, आम्ही साध्या चिठ्ठ्यांवर पेननं लिहून त्या चिकटवू लागलो. पायलट उतरला की पूर्वी पाय मोकळे करत हसून बोलायचा, आता कोपऱ्यात जाऊन फोनवर दुसरीकडं नोकरी बघायचा. आमचे पगार तीन महिने तुंबले होते. मुख्य ऑफिसातनं रोज एक मेल यायचा, सगळं सुरळीत आहे, प्रवाशांना धीर द्या. स्नेहल म्हणून माझ्या हाताखाली काउंटरवर एक हुशार मुलगी होती. ती म्हणायची, "सर, ज्या घरात सगळं सुरळीत असतं तिथनं रोज असा निरोप येतो का?" मी तिला गप्प करायचो.

दोन गोष्टी सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. मोटारीला नंबर असतो तसा प्रत्येक विमानाच्या शेपटीकडं अक्षरांचा नंबर असतो. रोज दुपारी आम्हाला उद्याचा कार्यक्रम यायचा. त्यात वेळ आणि कोणतं विमान येणार त्याची अक्षरं. शेवटच्या पंधरवड्यात कोल्हापूरच्या ओळीत अक्षरांची जागा कोरी यायला लागली. कोरी म्हणजे उद्यासाठी विमान नेमलेलंच नाही. कंपनीची अर्धी विमानं उभी होती, काहींचे सुटे भाग काढून दुसऱ्यांना लावले होते. चालती विमानं कमी आणि गावं जास्त.

दुसरी गोष्ट, ते विमान कुठल्या गावाला द्यायचं हे संध्याकाळी हैदराबादेत ठरायचं, आणि ठरायचं आकड्यावर. प्रवाशाला आमच्या धंद्यात पॅक्स म्हणतात. किती पॅक्स, एवढंच विचारायचे. लेखी नियम नव्हता, पण आम्ही सगळ्या स्टेशनवाल्यांनी ताडलं होतं की चाळीसच्या खाली गेलं की ते गाव त्या दिवशी कापलं जातं. शेजारच्या एका स्टेशनचं विमान तीन दिवस ओळीनं कापलं आणि चौथ्या दिवशी स्टेशनच बंद केलं. दहा माणसं घरी.

म्हणून मी आकडा धरून ठेवायला लागलो. कुणी तिकीट रद्द करायला आलं की त्याला समजावायचं. कुणी फोनवर विचारलं, "जाणार काय हो नक्की?" की सांगायचं, "जाणार. मी सांगतो ना." आणि पंधरा दिवस विमान खरंच येत होतं. दुपारी कोरी जागा यायची आणि सकाळी विमान यायचं. पंधरा दिवसांत मला वाटायला लागलं की मीच ते ओढून आणतोय.

सोळाव्या दिवशी दुपारी भूपाल मगदूम आले.

भूपालअण्णा उचगावचे. जैन शेतकरी, थोडा ऊस आणि तेरा म्हशी. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर रोज संध्याकाळी त्यांची म्हैस गिऱ्हाईकासमोर पिळली जाते. आमच्या पेठेतली निम्मी माणसं तिथं उभ्यानं दूध पितात, तिथंच त्यांना कुणीतरी माझं नाव सांगितलं होतं. बरोबर त्यांची मुलगी पद्मजा. बारीक, चष्मा लावलेली, छातीशी फाईल घट्ट धरलेली. अण्णांनी नमस्कार केला आणि पोरीला म्हणाले, "सांग सरांना नीट."

ती म्हणाली, "सर, मला व्हेटर्नरीला नंबर लागलाय. हैदराबादच्या कॉलेजात. शेवटच्या फेरीत लागला. उद्या संध्याकाळी पाचपर्यंत ओरिजिनल कागद घेऊन स्वतः हजर व्हायचंय. नाही झालं तर सीट जाते."

"तीन दिवस दिलतं," अण्णा म्हणाले. "दोन दाखले गोळा करण्यात गेले. ऑफिसात सायेब न्हवता, मग शिक्का न्हवता. आज सकाळी हातात आले बघा. हिच्या मामानं इमानाची तिकिटं काढून दिल्यात. पर पेपरात येतंय, तुमची कंपनी बुडणार म्हणून. म्हणून मी आज सहाच्या स्लीपर बशीची बी दोन शिटं धरून ठेवल्यात. सकाळी सातला पोचती. इमान बारापर्यंत पोचवतंय. दोनातलं कुठलं, ते सांगा."

मी मेलमधलं वाक्य म्हणून दाखवलं. वेळापत्रकात काही बदल नाही.

"कंपनीचं न्हाई विचारत, दादा," अण्णा काउंटरवर दोन्ही हात ठेवून म्हणाले. "तुमची पोरगी असती तर कशानं लावून दिली असती?"

माझ्यासमोर स्क्रीन होता. उद्याचा कार्यक्रम आलेला होता आणि अक्षरांची जागा कोरी होती. त्याच्या बाजूला आकडा होता, एक्केचाळीस. हे दोघं बसनं गेले असते तर एकोणचाळीस राहिले असते.

आणि अजून एक गोष्ट मला माहीत होती, जी अण्णांना माहीत नव्हती. माझी मुलगी हैदराबादेत नोकरीला आहे. ती सुट्टीला घरी आली होती आणि मागच्याच रविवारी परत गेली. मला कंपनीचं तिकीट फुकट होतं, तरी मी तिला कावळा नाक्यावर नेऊन बसमध्ये बसवलं होतं. "विमानाचं काही खरं नाही, सोमवारी तुला ऑफिसात हजर व्हायचंय," असं माझ्या तोंडानं तिला सांगितलं होतं.

"विमानानं," मी म्हणालो. "मी सांगतो ना."

अण्णांनी तिथंच मोबाईल काढला आणि बसवाल्याला फोन लावला. "दोन शिटं सोड रं. न्हाई, नक्की. सायबांनीच सांगितलंय." पद्मजानं विचारलं, "सर, खिडकीजवळची सीट मिळेल का?" मी दिली. स्नेहल माझ्याकडं बघत होती. ते दोघं गेल्यावर ती उठून पाणी प्यायला गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊलाच ते आले. पद्मजाची आई निरोप द्यायला आली होती, हातात डबा. दिवस मावळल्यावर त्यांच्यात जेवत नाहीत, पोरीची आबाळ नको म्हणून दोन वेळचं करून दिलेलं. पद्मजानं नवा ड्रेस घातला होता. साडेनऊला हैदराबादहून निरोप आला, थोडा उशीर होईल, तांत्रिक कारण. मी तो निरोप लोकांना सांगितला. पावणेअकराला माझ्या जुन्या मित्राचा तिथून फोन आला. तो खासगीत बोलत होता. "इंधनाची गाडी विमानापर्यंत आली आणि माघारी गेली. पैसे भरल्याशिवाय देत नाहीत म्हणे. आज नाही. मला वाटतं, आता कधीच नाही. तुझं तू बघ."

बावीस वर्षांत मी शेकडो विमानं रद्द झाल्याचं सांगितलं असेल. त्या दिवशीची घोषणा मी कागदावर लिहून घेऊन वाचली. लोक अंगावर आले, आणि यायलाच पाहिजे होते. एकानं माझा टाय धरला. या गर्दीत अण्णा कुठं ओरडत नव्हते. ते पोरीचा हात धरून भिंतीला टेकून उभे होते आणि माझ्याकडं बघत होते.

मला एकच सुचलं, बेळगाव. तिथनं दुसऱ्या कंपनीचं हैदराबादचं विमान एक वाजून चाळीस मिनिटांनी होतं. रस्त्यानं दोन तास. मी स्नेहलला म्हणालो, "इथलं तू सांभाळ." स्टेशन मॅनेजरनं अशा वेळी जागा सोडायची नसते, हे मी तिलाच शिकवलं होतं. ती म्हणाली, "जा सर." पद्मजाच्या आईला घरी जायला सांगितलं, एका सहकाऱ्याच्या मोटारीची किल्ली घेतली आणि अण्णा-पद्मजाला बसवून निघालो.

कागल ओलांडेपर्यंत पद्मजानं मोबाईलवर तिकीट बघितलं. एकच सीट शिल्लक होती. अण्णा म्हणाले, "कसं गं? एकटी?" ती त्यांच्याकडं न बघता म्हणाली, "जाते मी एकटी." तिकीट काढलं, मी सांगितलं तसं मोबाईलवरच चेक-इन केलं, सामान मोटारीतच ठेवायचं ठरवलं, म्हणजे तिथं गेल्यावर त्याचा घोळ नको. आता फक्त सव्वा वाजायच्या आत गेटवर पोचायचं होतं. मी हिशोब केला, एकला पोचतो. भरपूर वेळ हातात असल्याप्रमाणं मी तिला विमानात काय करायचं ते समजावत होतो, कान दुखले तर आवंढा गिळ, तिथं उतरल्यावर प्रीपेड टॅक्सी घे. ती वहीत लिहून घेत होती.

संकेश्वरच्या अलीकडं उसाची ट्रॉली उलटली होती. हंगाम सुरू झालेला, आणि महामार्गाचं काम चालू. दोन्ही बाजूंनी गाड्या तुंबल्या. मी उतरून पुढं पळत गेलो, एका ट्रॅक्टरवाल्याला हात जोडले, लोकांना घेऊन मोळ्या बाजूला फेकल्या. अण्णाही मोळ्या फेकत होते. बावीस मिनिटं गेली. रस्ता मोकळा झाला तेव्हा माझ्या टायला चिखल आणि हातांना पाचटाचे ओरखडे होते.

सांबऱ्याला, बेळगावच्या विमानतळावर पोचलो तेव्हा एक वाजून बावीस मिनिटं झाली होती. पद्मजा धावत सुटली. दारावरच्या जवानानं मोबाईल बघितला आणि मान हलवली. मी माझं ओळखपत्र दाखवून आतल्या काउंटरवरच्या मुलीला बोलावून घेतलं. ती स्नेहलच्याच वयाची. मी तिला सगळं सांगितलं, सीट, पाच वाजता, पोरगी, आमची कंपनी. तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

"सर, तुम्ही लाइनमधले आहात," ती म्हणाली. "लोड शीट गेली. मी काय करू?"

मी म्हणालो, "बाळ, एक पोरगी. पंचेचाळीस किलो. सामान नाही."

"सर, तुम्ही दिलं असतं का?"

नसतं दिलं. मला माहीत होतं आणि तिलाही. काचेतनं विमान दिसत होतं. ते अजून पंधरा मिनिटं तिथंच उभं होतं. पद्मजा काचेला हात लावून बघत होती. मग पंखे फिरले आणि ते गेलं.

कॉलेजला फोन लावले. तीनपर्यंत लावत होतो. एकदा लागला. तिकडचा क्लार्क सभ्य होता. म्हणाला, माणूस समोर पाहिजे, कागद समोर पाहिजेत, पाचनंतर यादी आपोआप बंद होते, माझ्या हातात नाही. त्याचंही बरोबर होतं. सगळ्यांचंच बरोबर होतं, चुकलं होतं ते माझं एकट्याचं, आणि ते मी अजून बोललो नव्हतो.

परतताना निपाणीच्या पुढं अण्णा म्हणाले, "दादा, गाडी घ्या बाजूला. दिवस मावळायच्या आत खाऊन घेऊया." हैदराबादसाठी दिलेला डबा त्यांनी बॉनेटवर उघडला. चपात्या, शेंगदाण्याची चटणी, दही. पहिला घास मला दिला. पद्मजा मोबाईलवर घड्याळ बघत होती. पाच वाजले तेव्हा तिनं मोबाईल पालथा ठेवला आणि चपातीचा तुकडा मोडला. रडली नाही. ती रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

उचगावात सोडताना अण्णा म्हणाले, "दादा, तुम्ही लई केलंसा. दुसरा कोण असता तर दार लावून घेतलं असतं." तीच वेळ होती सांगायची. मी म्हणालो, "येतो मी."

कंपनी त्या दिवशी संपली ती संपलीच. आम्ही दहा जण दहा दिशांना गेलो. स्नेहलला दुसऱ्या कंपनीत नोकरी लागली, तिचं मला समाधान आहे. पद्मजानं पुढच्या वर्षी परत परीक्षा दिली, मार्क कमी पडले. परत एक वर्ष घालवायची घरची तयारी नव्हती. तिनं पशुधनाचा दोन वर्षांचा डिप्लोमा धरलाय. तो झाला की जनावरांना इंजेक्शन देता येईल, डॉक्टर म्हणून सही करता येणार नाही.

आणि माझं काय झालं? माझं नाव झालं. अण्णांनी गंगावेशीच्या कट्ट्यावर सगळ्यांना सांगितलं, कंपनी बुडाली पर त्या माणसानं मोटार काढून पोरीसाठी बेळगाव गाठलं, उसाच्या मोळ्या उचलल्या. दूध पिणाऱ्यानं ते पेठेत नेलं. गेल्या गणपतीत तालमीनं स्टेजवर बोलावून मला शाल आणि नारळ दिला. निवेदक म्हणाला, आजच्या जमान्यात अशी माणसं दुर्मिळ. समोर तिसऱ्या रांगेत अण्णा टाळ्या वाजवत होते. मी शाल अंगावर घेऊन उभा राहिलो. काही बोलायला सांगितलं तर म्हणालो, माझं कर्तव्य केलं. असा मी.

ती शाल घरात कुठंही ठेवली तरी मला दिसायची. बायकोनं कपाटात टाकली तरी कपाट दिसायचं. शेवटी एक दिवस तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मला का सांगताय? उचगाव काय लांब आहे?"

गेल्या महिन्यात दुपारी गेलो. गोठ्यात अण्णा होते, पद्मजा एका म्हशीला थर्मामीटर लावून उभी होती. अण्णांनी हाक दिली, "अगं, दादा आल्यात! च्या टाक." बाज आणून टाकली. त्यांच्या मंडळींनी चहा आणून दिला. मी कप खाली ठेवला आणि म्हणालो, "अण्णा, मला एक सांगायचंय. आधी ऐकून घ्या."

सगळं सांगितलं. कोरी जागा काय असते ते, चाळीसचा आकडा, एक्केचाळीस, एकोणचाळीस. रविवारी माझ्या मुलीला बसमध्ये बसवलं ते. अण्णा ऐकत होते. मध्ये एकदा म्हणाले, "म्हंजे आम्ही बशीनं गेलो असतो तर तुमचा आकडा मोडत हुता?"

"व्हय."

"आणि मी इचारलं तवा तुम्हाला म्हाईत हुतं?"

"व्हय, अण्णा."

म्हैस पाय आपटत होती. अण्णांनी तिच्या पाठीवरनं हात फिरवला, तसाच फिरवत राहिले. मला वाटलं आता शिव्या येतील. मी त्या घ्यायलाच गेलो होतो.

बोलली ती पद्मजा. थर्मामीटर पुसत तिनं विचारलं, "वेळेत पोचली का?"

"कोण?"

"तुमची मुलगी. सोमवारी ऑफिसात."

"पोचली," मी म्हणालो.

"बरं झालं," ती म्हणाली, आणि पुढच्या म्हशीकडं गेली.

अण्णा अजून पाठमोरेच होते. गेली दोन वर्षं हा माणूस मला दादा म्हणत आला होता. रस्ता विचारायला दारात थांबलेल्या अनोळखी माणसाशी बोलावं, तशा आवाजात ते म्हणाले, "पावणं, च्या घ्या. निवतोय."

मी चहा घेतला आणि निघालो.